जमनाबाईंसाठी लाह्यांची वडी

कोरमंगला, बंगळूर, बुधवार

आईस पवित्राचा नमस्कार.

फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

मी सांभाळते त्या जमनाबाईंसाठी, तू सांगितलीस तशी मक्याच्या लाह्यांची आणि शेंगदाण्यांची वडी केली. पाक जास्त झाला, वडी कडक झाली. त्यांना दात नाहीत, म्हणून बारीक कुटून दिली. म्हणाल्या, "स्वल्प, थोडी अजून दे गं. माझी आई करायची."

परवा सकाळी त्या झोपेतच गेल्या.

घरचे सगळे त्यांच्याजवळ बसून रडत होते. मी पगारी बाई, स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले.

दुसरं काम मिळेल, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? रविवारी येते. आल्यावर काही विचारू नकोस, नुसतं जवळ घे.

तुझीच,
पवित्रा