जाळी निम्मी केल्यावर

१२ मार्च

प्रिय धाकटे,

"मोठी गणित चोख करते, पण धाकटीला प्रकाश दिसतो." आपले मार्गदर्शक सर हे बोलले त्याला एकोणीस वर्षं झाली. तू जीभ चावून माझ्याकडे पाहिलंस. मी हसले. त्या हसण्याने गाल अजून दुखतात.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तीही.

तुझ्या लेखाचा मसुदा वाचला तेव्हा पोटात दुखलं. तीव्र लेसरचा झोत काचेत शिरला की काचच त्याचं भिंग होते, झोत बारीक होतो, प्रखर होतो, मग आणखी बारीक. हे आपण दोघींनी एकाच फळ्यावर मांडलं होतं. आणि तू दाखवलंस, की एका टप्प्यावर तो आपोआप थांबतो. मला इतक्या वर्षांत न सुटलेलं. दोन दिवस मी आईशीही धड बोलले नाही. "धाकटीचं काही चांगलं झालं वाटतं," ती म्हणाली. तिला समीकरणं कळत नाहीत, मुली कळतात.

मग तुझा प्रोग्राम घेतला आणि आपल्या रिवाजाप्रमाणे जाळी निम्मी करून, म्हणजे गणितासाठी जागेचे पाडलेले चौकोन निम्म्या आकाराचे करून, पुन्हा चालवला. झोत थांबला नाही. आणखी निम्मी केली, तरी नाही. शेवटी आकडे इतके वाढले की प्रोग्रामच बंद पडला. तुझ्या जाळीची घरं मोठी होती गं. झोत एका घराएवढा झाला, त्याहून बारीक व्हायला जागाच नव्हती, म्हणून थांबल्यासारखा दिसला. ही तपासणी तू विसरलीस, कारण ती नेहमी मीच करायचे.

"छान झालाय, छापायला पाठव," असं मी तुला कळवलं, ते हे सगळं कळल्यानंतर.

चारचौघांत तू तोंडघशी पडावीस, एवढंच हवं होतं. पण काल तू फोनवर म्हणालीस, त्या आकड्यांच्या भरवशावर महिन्याअखेर प्रयोगशाळेत झोत वाढवणार, आणि यंत्रापाशी तूच असणार. काच फुटेल. मी "हो का" म्हणून फोन ठेवला. आज हे लिहायला बसले.

सोबत आलेख आहेत. प्रयोग थांबव, लेख मागे घे. चूक कुणी लपवली विचारलं तर माझं नाव सांग.

आणि हे गणित पुन्हा माझ्यासोबत कर, एका टेबलावर बसून. तू नाहीच म्हणशील. मीही म्हटलं असतं. तरी विचारते.

अजून तुझ्यावर जळणारी, तुझीच
मोठी