फुकट केस कापून घेतल्याची हकीकत

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की डोळ्यांवर काही येत नाही. का, ते पुढे कळेलच.) तुमचा खोकला गेला का? मामीचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिने जिना चढणं बंद केलं असेल असं मी समजते, म्हणजे केलं नसणारच. माझी काळजी करू नका. माझं उत्तम चाललंय, आणि बरंचसं फुकटात चाललंय.

बाबांची समजूत घालून तुम्ही मला इथे शिकायला धाडलंत, तेव्हा "पोरीच्या केसालाही धक्का लागणार नाही" असा शब्द दिला होतात. त्या शब्दाचं काय झालं ते सांगायलाच हे पत्र. बाबा पाठवतात त्यात फी आणि वसतिगृह भागतं, बाकी सगळीकडे 'फुकट ते पौष्टिक'. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दुकान बंद करताना उरलेले पाव देतो (तुटके आधी मागायचे, म्हणजे तो खूश होऊन अख्खेही देतो). मोठ्या वर्गातल्या मुली जाताना अर्ध्या कोऱ्या वह्या ठेवून जातात. माझं अर्थशास्त्र सध्या कुणाच्या तरी वनस्पतिशास्त्राच्या मागच्या पानांवर चाललंय. आणि कुठल्याही विषयावरचं व्याख्यान असो, शेवटी चहा-बिस्किटं आहेत असं कळलं की मला त्या विषयाची आवड उत्पन्न होते. मागे मी गांडुळांवर दीड तास ऐकलं. खरं सांगू? गांडुळं चांगली निघाली.

या सगळ्यातून मला एक सवय लागली. कुणी "आणखी थोडं?" असं विचारलं की मान आपोआप हलते. फुकटाच्या ताटावर "नको" म्हणणारा उपाशी राहतो, हे मी अनुभवाने शिकले आहे.

तर झालं असं, की केशकर्तनाच्या प्रशिक्षण वर्गाबाहेर पाटी लागली होती, 'परीक्षेसाठी डोकी हवीत, केस मोफत कापून मिळतील'. माझ्याकडे डोकं होतं. (बाबांचं मत वेगळं आहे, ते असो.) मी गेले. माझ्या वाट्याला आलेली परीक्षार्थी आईच्या वयाची बाई होती. पूर्वी ती शर्टांच्या कारखान्यात कापड कापायची. कारखाना बंद पडला, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, म्हणून कापडावरून केसांवर आली. परीक्षेचे दोन भाग, दोन्हीत पास झाली तर बाजारातल्या एका पार्लरमध्ये तिला कायमची खुर्ची मिळणार होती. हे सगळं तिने मला माझे केस ओले करता करता सांगितलं, आणि सांगण्याच्या नादात निम्मं पाणी माझ्या मानेतून पाठीवर गेलं.

केस खांद्यापर्यंत ठेवायचे, असं मी आधी कागदावर लिहून दिलं होतं. तिने खांद्यापर्यंत कापले, अगदी रेषेत. मग भीतभीत विचारलं, "आणखी थोडे?" माझी मान हलली! मामा, शपथेवर सांगते, मी त्या वेळी काहीच ठरवलं नव्हतं. ती बिचारी गिऱ्हाइकाचा शब्द मोडायचा नाही अशा शिकवणीतली. ती विचारत गेली, मी मान डोलावत गेले. आरशात पाहिलं तेव्हा माझे दोन्ही कान बाहेर आले होते, आणि आपले कान आजोबांवर गेलेत हे मला प्रथमच कळलं.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. त्यांनी माझा खांदा पाहिला, केस पाहिले आणि मधली मोकळी जागा पाहिली. हातातलं पेन नापासाच्या दिशेने निघालं होतं. त्या बाईने कात्री खाली ठेवली. खाल्लं मी आणि भरणार ती! मी ओरडलेच, "मीच कापायला सांगितलं. त्यांनी दर वेळी विचारलं हो!" परीक्षक बाईंनी विचारलं, "मग आवडले का?" मी आरशातल्या आजोबांकडे पाहिलं आणि म्हटलं, "फार." त्यांनी कंगव्याने दोन्ही बाजू मापल्या. सुताचाही फरक नव्हता. पास!

मग ती बाई माझं डोकं पोटाशी धरून इतकी रडली की उरलेले केस पुन्हा ओले झाले. तेव्हापासून दर रविवारी, वसतिगृहाची खानावळ बंद असते तेव्हा, मी तिच्याकडे जेवते. ती मला वाढते आणि स्वतःचं ताट न घेता समोर बसून राहते. मामा, मी आजवर फुकट म्हणत होते ते काही आभाळातून पडत नव्हतं. बेकरीवाला त्या पावांचे टोस्ट करून विकू शकला असता. तुम्हीसुद्धा बाबांशी भांडून स्वतःचं नाव खराब करून घ्यायची गरज नव्हती. हे सगळं मी घेत आले आणि आभार मानायचे राहून गेले. आज मानते.

मामीला नमस्कार, धाकट्याला टपली.

तुमची भाची

ता.क. आईला एवढ्यात सांगू नका. व्हिडिओ कॉलवर मी डोक्याला रुमाल बांधून बसते. तिला वाटतं मला सर्दी झालीय.

ता.ता.क. परीक्षेचा दुसरा भाग दाढी-मिशीचा आहे, येत्या सोमवारी, म्हणजे तुमचं दुकान बंद असतं त्या दिवशी. माणूस परीक्षार्थीनेच आणायचा, आणि मिशी चांगली वाढलेली हवी. आमच्या कॉलेजात सगळे शोधले, कुणाला धड लव फुटलेली नाही. मामीला मी फोन करून विचारलंय. ती म्हणाली, "खुशाल ने, परत नाही आणलीस तरी चालेल."

तुमचा फोटो दाखवला तेव्हा त्या बाईने तो उजेडात धरून मिशी बोटाने मापली. म्हणाली, "अगं, अशी मिशी कुणी फुकट माझ्या हातात देईल का?" मी म्हटलं, "माझा मामा देईल."