खोक्यावरचे बोंबील

हर्षद,

गिऱ्हाइकाला बोंबलाचा वास आला, तुझा तो खोक्यातला, टेबलावर मांडायचा पहिल्या आवृत्तीचा जुना फुटबॉलचा खेळ न घेताच ते परत गेलं, म्हणून तू दीप्तीचं डोकं भिंतीवर आपटलंस. अरे, त्या खोक्यावर सुके बोंबील मी ठेवले होते! आईला विचारायची छाती नाही, बायको बरी सापडली.

टाके घालायला तिला घेऊन चाललेय, तिथून पोलीस चौकीत. त्या खेळातला तुझा एकूण एक प्लास्टिकचा खेळाडू मासळीच्या कोयत्यानं तोडून दाराबाहेर पिशवीत ठेवलाय. कपडेही त्यातच आहेत. कुलूप नवीन आहे. उद्या येऊन कडी वाजवलीस, तर सगळ्या कोळीवाड्यासमोर तोंडावर सांगेन, "हर्ष्या, पोटातनं मीच काढला तुला, आता घरातनं पण मीच काढला."