पर्किस अँड सनची नवी जुनी व्हॅन

सोमवार, ५ जून २०२३
आजपासून युद्ध.

ह्युसेयिनच्या कॅफेत अंड्याचा पहिला घास तोंडात, आणि बाहेर ग्रॅहम टिपिंगची नवी व्हॅन येऊन उभी राहिली. पांढरी, कोरी. दोन्ही बाजूंना हिरव्या अक्षरांत हातभर नाव. नंबरप्लेट त्याच्या खास आवडीची, टिपिंग असं वाचता येईल अशी. जुन्या व्हॅनवरून काढून हिच्यावर चढवली आहे. माणसाने स्वतःच्या आडनावावर किती प्रेम करावं!

आत येऊन माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला, काय लेस, एकोणतीस ऑगस्टपासून लंडनचा धुराचा नियम आपल्या वेलिंगलाही लागू होतोय, तुझ्या म्हातारीचं काय करणार? म्हातारी म्हणजे माझी व्हॅन. २००९ ची, डिझेल. त्या तारखेनंतर नुसती दारातून बाहेर काढली तरी त्या दिवसाचे पैसे भरायचे. मी म्हणालो, बघू. ह्युसेयिन फिदीफिदी हसला. त्यालाही लक्षात ठेवलंय.

राग ताजा राहावा म्हणून पुन्हा लिहून ठेवतो: हा टिपिंग नऊ वर्षं माझ्या डाव्या सीटवर बसला. कार्पेटचा रोल उचलायचा तर मी पुढचं टोक, तो मागचं. चार वर्षांपूर्वी म्हणाला, लेस, आता व्हॅनवर माझंही नाव घाल. मी म्हणालो, ती व्हॅन आहे, बस नाही. व्हॅनवर माझ्या वडिलांनी ठरवलेलं नाव आहे, ए. पर्किस अँड सन. सन म्हणजे मी, वय अठ्ठावन्न. त्यावर हा तोंडात पेपरमिंट टाकून निघून गेला तो गेलाच, आणि जाताना माझी अर्धी गिऱ्हाइकं घेऊन गेला.

तर संकल्प असा. एकोणतीस ऑगस्टच्या आत नियमात बसणारी व्हॅन घ्यायची, त्याच्यापेक्षा मोठी आणि त्याच्यापेक्षा स्वस्त. तिच्यावर पर्किस अँड सन लिहायचं, आणि ती त्याच्या नाकावर टिच्चून उभी करायची. कुठे ते ठरेल.

गुरुवार, ८ जून
सेंट क्रिस्पिन चर्चच्या हॉलबाहेर खांबावर नवा कॅमेरा. आले वाटतं नियमवाले. जाताना हाताची पाठ दाखवून दोन बोटं वर केली, आमच्याकडची बिनआवाजाची शिवी. येतानाही. बरं वाटलं. रोज करणार.

बुधवार, २१ जून
ग्लेनिस म्हणते, व्हॅन बघायला जाशील तेव्हा तिचा नंबर वेबसाइटवर घाल, चालणार की नाही ते तिथल्या तिथे कळतं. बायको भोळी आहे. नंबर घातला की आपण त्यांच्या यादीत गेलो. मग आयुष्यभर मागे लागतात. आणि गरज काय? पेपरात आलंय स्वच्छ: सप्टेंबर २०१५ नंतरची डिझेल गाडी चालते. ग्लेनिस म्हणाली, ते मोटारीचं असेल, व्हॅनचं वेगळं असेल. मी म्हणालो, व्हॅनला काय पाच चाकं असतात? गप्प बसली. मुद्दा पटला की ती अशी गप्प बसते.

गुरुवार, ६ जुलै
कुठे उभी करायची ते ठरलं!

सेंट क्रिस्पिनच्या हॉलचं कार्पेट बदलायचंय. सगळं. त्र्याऐंशी साली ते मी आणि वडिलांनी घातलं होतं. माझं पहिलं मोठं काम. आज तिथल्या धर्मगुरू रेव्हरंड रोझालिंड म्हणाल्या, मिस्टर पर्किस, टिपिंगनीही भाव दिलाय, पण तुमच्या वडिलांचं काम चाळीस वर्षं टिकलं, तेव्हा आमची इच्छा तुमच्याकडे द्यायची आहे. फक्त एक. चर्चला पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळालंय, धूर ओकणारी गाडी आवारात चालणार नाही. चार सप्टेंबरला सुरुवात. मी म्हणालो, बाई, व्हॅन आलीच समजा.

जाताना त्या म्हणाल्या, आणि रोज सकाळी तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून जे करता ना, ते आमच्या ऑफिसच्या टीव्हीवर दिसतं. हॉलमधून चांदीचे कप चोरीला गेले म्हणून चर्चनेच बसवलाय तो.

मी म्हणालो, ती आमच्या धंद्यातली सलामी आहे. पटलं त्यांना.

शनिवार, १५ जुलै
व्हॅन पाहणी. पहिली ग्रेव्हझेंडला. आत मासळीचा असा वास की विकणाराही बाहेर उभा राहून बोलत होता. दुसरी डार्टफर्डला. छान. पण कार्पेटचा रोल चार मीटरचा असतो, आणि टेप घरी राहिला. मी पाच फूट दहा इंच. म्हणून आत आडवा झालो, टाचांपाशी खूण केली, मग खुणेपाशी डोकं ठेवून पुन्हा आडवा. तेवढ्यात वाऱ्याने दार लागलं. आतून उघडेना. विकणारा कुणाशी तरी फोनवर बोलत लांब गेला होता. तसा पडून होतो तेव्हा टिपिंगचं तोंड डोळ्यासमोर आणून वेळ काढला.

व्हॅन आखूड निघाली.

शनिवार, १२ ऑगस्ट
म्हातारी विकली. जुनी गाडी मोडीत दिली तर शहर पैसे देतं म्हणे. मी घेतले नाहीत. ज्यांनी गळा धरला त्यांच्याच हातून बक्षीस घ्यायचं? ग्लेनिस म्हणाली, घे की रे बाबा, तेवढ्यात चांगली व्हॅन येईल. तत्त्व म्हणून काही असतं हे तिला कळत नाही.

वेल्सहून मेंढ्यावाला आला होता. तिकडे असले नियम नाहीत. त्याने दार उघडून डाव्या सीटवर कुत्रा बसवला. वडील शेवटच्या दोन वर्षांत काम करू शकत नव्हते तरी रोज त्या सीटवर येऊन बसायचे, आणि मी काम करत असलो की आतूनच ओरडायचे, कडा नीट दाब रे. मी मेंढ्यावाल्याला म्हणालो, कुत्रा मागे बसवा. तो म्हणाला, का हो? मी म्हणालो, सीटवर केस पडतात.

वाईट वाटलं. त्याचाही बदला टिपिंगकडूनच घेणार.

शनिवार, १९ ऑगस्ट
घेतली!! मेडस्टोन. पांढरी, लांब, ६५ ची प्लेट, म्हणजे सप्टेंबर २०१५ नंतरची, म्हणजे चोख. टेप नेला होता. चार मीटर आणि वर वीतभर.

विकणाऱ्याला विचारलं, लंडनमध्ये चालेल ना? म्हणाला, चालते की, आत्ताच चालवून बघा. सरळ माणूस. आधीचा मालक कोण विचारलं तर म्हणाला, कुणी कारागीर होता, घाईघाईत विकून गेला. इतकी उत्तम व्हॅन घाईघाईत विकणारा मूर्ख लंडनमध्ये आहे म्हणून माझ्यासारख्यांचं भागतं.

सीटखाली कार्पेटच्या कडेला लावतात ती खिळ्यांची पट्टी सापडली. आधीचा मालक आपल्याच धंद्यातला! शुभशकुन. आत पेपरमिंटचा बारीक वास येतो, पण मासळीपेक्षा बरा.

नाव लिहिणाऱ्या पेंटरकडे सात सप्टेंबरपर्यंत वेळ नाही. हरकत नाही. नुसत्या व्हॅननेही टिपिंगची जिरेल.

मंगळवार, २९ ऑगस्ट
नियम लागू. आज मुद्दाम सगळीकडे हिंडलो. वेलिंग, सिडकप, एलथम, पुन्हा वेलिंग. जिथे जिथे कॅमेरा दिसला तिथे वेग कमी केला, नीट दिसावं म्हणून. टिपिंगच्या घरावरून तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी तो अंगणात होता. व्हॅनकडे बघतच राहिला. तोंड उघडं. मग हात वर केला. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

हा माझ्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी एक आहे.

शुक्रवार, १ सप्टेंबर
सकाळी सकाळी सिग्नलला एक म्हातारी काचेवर टकटक करून म्हणाली, काय ग्रॅहम, माझ्या जिन्याचं कार्पेट कधी करतोस? वयाने माणसाचं असं होतं. मी म्हणालो, आजी, मी पर्किस. ती म्हणाली, बरं, ग्रॅहमला सांग मग.

काल पहाटे दूधवाल्यानेही टिपिंग अशी हाक मारली होती. त्याचं वय तर तिशीचं. विचित्र.

सोमवार, ४ सप्टेंबर, सकाळ
हॉलचं काम आज सुरू. पहाटे छान दव. कपडे इस्त्रीचे. पुढची दहा मिनिटं कॅफेत काढून, सगळ्यांना व्हॅन दाखवून, मग हॉलवर. टिपिंग, संपलास तू.

तोच दिवस, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

कॅफेबाहेर व्हॅन लावली. ह्युसेयिन चहाचा कप घेऊन दारात आला आणि कप तसाच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, लेस, दोस्ता, तू टिपिंगकडे नोकरीला लागलास? मी म्हणालो, सकाळी सकाळी काय घेतलंयस? तो म्हणाला, ये, इकडून बघ.

पत्र्यावर दव धरलं होतं. आणि दवात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभर अक्षरं: टिपिंग. खाली कार्पेट्स. त्याखाली त्याचा फोन नंबर. जुन्या चिकटवलेल्या अक्षरांची खूण राहते रंगावर. कोरड्यात दिसत नाही. ओल आली की दिसते. कॅफेतले सगळे बाहेर आले. एकाने फोटो काढला. मी बाहीने पुसलं तर तेवढ्या भागात आणखीच ठळक झालं.

ऊन वर येईपर्यंत थांबलो. अक्षरं गेली. मग हॉलवर गेलो. नाव दिसत नाही ना, मग काय, व्हॅन तर माझी आहे. रेव्हरंड बाईंनी फोन काढला आणि प्रमाणपत्रासाठी म्हणून सहज व्हॅनचा नंबर वेबसाइटवर घातला. मग फोन माझ्याकडे फिरवला. मोटारींना २०१५, पण या मापाच्या व्हॅनना २०१६. एक वर्षाचा फरक. माझी व्हॅन चालत नाही. म्हणूनच त्या मूर्खाने ती घाईघाईत विकली.

बाई म्हणाल्या, मिस्टर पर्किस, मला खरंच वाईट वाटतं. मी बोटं दाखवली नाहीत.

ग्लेनिसला सांगितलं. मी सांगत होते ना, असं ती म्हणाली नाही. चहा केला. हे जास्त वाईट.

गुरुवार, ७ सप्टेंबर
एकोणतीस तारखेची दंडाची नोटीस आली. एलथमच्या कॅमेऱ्याचा फोटो. मी अगदी स्पष्ट आलोय, हसताना. पेंटरला नको म्हणून कळवलं. हॉलचं काम टिपिंगला गेलं. व्हॅन दारात उभी. सकाळी दव पडलं की मी खिडकीचा पडदा ओढून घेतो.

सुडाची नवी योजना: विचार चालू आहे.

शनिवार, ९ सप्टेंबर
टिपिंगचा फोन. ग्लेनिसला. माझ्याशी बोलायला घाबरला. त्याचा माणूस स्पेनला गेला आणि तिथेच राहिला. एवढ्या मोठ्या हॉलला रोलचं दुसरं टोक धरायला कुणी नाही. लेस येईल का, असं विचारत होता. आणि म्हणाला, एकोणतीस तारखेला मी त्याला हात केला होता, सांगणार होतो, त्या व्हॅनने हिंडू नकोस म्हणून.

मी ग्लेनिसला म्हणालो, त्याला सांग, मेलो तरी त्याच्या डाव्या सीटवर बसणार नाही. ती म्हणाली, सोमवारी सातला येतो म्हणालाय, मी हो म्हटलंय, डबा काय देऊ?

ठीक आहे. शत्रूच्या गोटात शिरूनच त्याची मापं काढावी लागतात.

सोमवार, ११ सप्टेंबर
डाव्या सीटवरून रस्ता बराच वेगळा दिसतो. तो गिअर फार लवकर बदलतो. सांगणार होतो, सांगितलं नाही.

त्याने पुढचं टोक धरलं, मी मागचं. जुनं कार्पेट उचललं आणि फळ्यांवर पेन्सिलीने लिहिलेलं निघालं. आमच्या धंद्यात कार्पेट घालायच्या आधी खाली फळीवर नाव आणि साल लिहायची रीत आहे. ए. पर्किस अँड सन, १९८३. वडिलांचं अक्षर. त्याखाली, वाकडंतिकडं, माझं: आणि मी. तेव्हा अठरा वर्षांचा होतो, सन म्हणजे मीच हे मला पुरलं नव्हतं.

टिपिंगने वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढून मला दिली, म्हणाला, तू लिही, मी चहा आणतो, आणि गेला.

हीच ती वेळ. नऊ वर्षं त्याचं नाव व्हॅनवर घातलं नाही, इथेही घालायचं नाही. फक्त पर्किस. तो येऊन बघेल, गिळेल, आणि वरून कार्पेट घालेल, तेही माझ्यासोबत. इतका सोपा सूड मला आयुष्यात मिळाला नव्हता.

पर्किस लिहिलं. मग पेन्सिल उचलेना. मग त्याच्यापुढे अँड टिपिंग असंही लिहिलं. २०२३.

यात गैरसमज नको. हासुद्धा सूडच आहे. त्याचं नाव अशा जागी घातलंय की पुढची चाळीस वर्षं ते कुणाला दिसणार नाही.

तो चहा घेऊन आला, वाचलं. पेपरमिंटची पुडी पुढे केली. मी एक घेतली. मला पेपरमिंट आवडत नाही.

उद्याही तो सातला येणार आहे. एकदाच हॉर्न वाजवतो, म्हणून पावणेसातपासूनच फाटकापाशी उभं राहावं लागतं. माझ्या व्हॅनला टेकून. दवामुळे पाठ ओली होते.