पिंजऱ्यात उभं राहायला शिकवताना

आई, आज सकाळपासून पोलीस मुख्यालयाच्या हॉलमध्ये बोलून बोलून माझा घसा बसला आहे. घरी येऊन चहा ठेवला आणि वाटलं, हे सगळं तुला सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी नुकती सरकारी वकील झाले होते. माझी एकही केस तू पाहिली नाहीस. आता इथे यवतमाळात पोलीस आणि आम्ही सरकारी वकील मिळून एक प्रशिक्षण चालवतो. शहरातल्या ठाण्यांमधून शिपाई, हवालदार, फौजदार येतात. पंचनामा कसा लिहायचा, जप्त केलेली वस्तू कशी सांभाळायची, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कसं उभं राहायचं, हे आम्ही एकत्र बसून करतो. तू वणीला शिपाई होतीस तेव्हा असं काही नव्हतं. तुझ्या वेळी काय होतं ते मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी मी कोर्टात होते.

वणीचं आपलं पोलीस क्वार्टर. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात आणायचे नाहीत, इतकी कोळशाची धूळ. बाबांची खाणीवर पहिली पाळी आणि माझ्या शाळेला सुट्टी, म्हणून तू मला सोबत घेतलंस. त्या सकाळी पोळ्या लाटता लाटता तू स्वतःशी पुटपुटत होतीस. "मी ठाण्यात हजर होती. मुलगी रडत रडत आली." पोळी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं. बसस्टँडवर एका ट्रकमालकाच्या मुलाने कॉलेजातल्या पोरीचा हात धरला होता, तिची ओढणी फाडली होती. ती ओढणी तू जप्त केली होतीस. गावात दबाव होता, पंच आधीच फिरले होते. उरली होती ती पोरगी आणि तू.

आरोपीच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, ओढणी कोणत्या रंगाची होती?" तू म्हणालीस, "मोरपंखी." तो हसला. "फिर्यादीत निळी लिहिली आहे, पंचनाम्यात हिरवी. तुम्ही म्हणता मोरपंखी. मग ओढण्या किती होत्या?" कोर्टातले लोक हसले. तुझे हात कठड्यावर होते, ते तू मागे घेतलेस. ओढणीचं सीलबंद पाकीट समोर टेबलावर पडलेलं होतं. ते फोडून दाखवा, एवढं एकच वाक्य कोणीतरी बोलायला हवं होतं. आपल्या बाजूचे सरकारी वकील कागद चाळत राहिले. आज मी त्यांच्याच जागी बसते, म्हणून त्यांच्यावर फार रागावता येत नाही. त्यांच्यापुढे त्या दिवशी अशाच किती केसेस असतील. पण मला आता ते पाकीट दिसतं, आणि ते एक वाक्य माझ्या तोंडात येऊन थांबतं.

घरी आल्यावर तू वरणाला फोडणी देत होतीस आणि मी खुळ्यासारखी म्हणाले, "आई, तो वकील किती छान बोलत होता." तू मागे न वळता बोललीस. "त्यानं त्याचं काम केलं. अभ्यास करून आलता तो. आपल्या वकीलसाहेबानं माहं तोंड आज दारात पाह्यलं, पहिल्यांदा. ना त्याले माहीत मी काय सांगतो, ना मले माहीत तो काय इचारते." मग गॅस बारीक करून माझ्याकडे पाहिलंस. "आन् तू हसली नाहीस ना? ते पोरगी मागच्या बाकड्यावर बसून होती." मी हसले नव्हते. तरी त्या दिवसापासून कोर्टात कोणी हसलं की मी आधी मागच्या बाकड्याकडे पाहते.

आरोपी सुटला. पोरीने कॉलेज सोडलं. त्यानंतरचं मात्र कोणत्याही कागदावर नाही. तू तिच्या घरी गेलीस, तिच्या वडिलांशी बोललीस, आणि पुढे वर्षभर ड्युटीवर जाताना वाकडी वाट करून तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडत राहिलीस. वर्दी घालून, तिच्या शेजारून चालत. बाबा म्हणायचे, "काहून रोज जातं तू? केस तं संपली ना." तू म्हणायचीस, "केस संपली. पोरगी आहे ना अजून."

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी एक जुने निरीक्षक उठून उभे राहिले. "मॅडम, राग मानू नका. आरोपी सुटला की तुम्ही म्हणता तपास कच्चा. आम्ही म्हणतो वकील कच्चा. बंदोबस्तातून आलेल्या माणसानं पंचनामा कसा लिहायचा, ते एकदा लिहून दाखवा." ते बरोबर बोलत होते. पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हा वकिलांना आर्णी रोडवर नेलं. दोन मोटरसायकली आडव्या पाडून ठेवलेल्या, गर्दीचं सोंग घेतलेले शिपाई, कोणी ओरडतो आहे, कोणी फोन हातात देतो आहे, डोक्यावर ऊन. मी पंचनामा लिहिला. गाडीचा नंबर चुकला, दिशाही चुकली. निरीक्षकांनी तो सगळ्यांसमोर वाचला आणि आरोपीच्या वकिलासारखा गोड आवाज काढून विचारलं, "मॅडम, सूर्य तिकडून उगवतो का?" सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून आमचं जमलं. आता तारखेच्या आधी आम्ही त्यांना फोन करतो, तेही अडलं की आम्हाला विचारतात.

आज सरावासाठी भरवलेल्या खोट्या कोर्टात आरोपीची वकील मी झाले होते. पिंजऱ्यात राळेगावकडची एक नवी शिपाई पोरगी होती. मी दोन प्रश्न विचारले आणि तिचा आवाज गेला. "मॅडम, मले आठवून नाही राह्यलं," म्हणाली आणि रडायला लागली. मी थांबले. तिला पाणी दिलं. म्हटलं, काय बोलायचं ते मी तुला शिकवणार नाही, कोणालाच शिकवू नये. जे पाहिलंस तेच सांगायचं. पण आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायला लाज नाही. कोर्टाची परवानगी घेऊन आपली नोंद पाहता येते. वस्तू समोर असेल तर ती पाहू द्या, असं म्हणता येतं. आणि कागदात चूक असेल तर चूक म्हणायचं, ती झाकायला दुसरं काही रचायचं नाही.

तिने डोळे पुसले. "पुन्हा इचारा," म्हणाली. या वेळी मी मुद्दाम कडक झाले. वेळ चुकली आहे हे मी धरलं, तशी ती सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, "हो, वेळ चुकली. नोंद मी ठाण्यात येऊन केली, तवा चुकली. पण माणूस हाच होता." मी हातातला कागद टेबलावर ठेवला. मागून निरीक्षक म्हणाले, "बसा आता वकीलसाहेब." पुढच्या महिन्यात तिची पहिली खरी साक्ष आहे. चोरीची केस आहे, मीच चालवते आहे. निकाल काय लागेल कोण जाणे. पण ती दारात उभी राहून पहिल्यांदा माझं तोंड पाहणार नाही, एवढं मी केलं आहे.

चहा केव्हाच गार झाला. हे पत्र मी कुठे टाकणार? क्वार्टर पाडून तिथे नवी इमारत झाली आहे, आणि तू तर त्याच्याही आधी गेलीस. कपाटात ठेवून देईन. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. मी दर वेळी वर्गात त्या ओढणीची हकीकत सांगते. 'एक महिला शिपाई होत्या,' एवढंच म्हणते. तुझं नाव घेत नाही, तू माझी कोण हेही सांगत नाही. आज सगळे गेल्यावर ती राळेगावची पोरगी मागे थांबली आणि तिने विचारलं, "त्या बाई आता कुठं असतात, मॅडम? भेटाले जाता येईन का?" मला खरं सांगता आलं नाही. मी म्हटलं, "वणीलाच असतात. रिटायर झाल्यात. आता आराम करतात."