साठ फॉर्म आणि सिहोऱ्याचं चिन्नोर

४ जानेवारी, सकाळी
आजपासून पीएच.डी.ला युद्धपातळीवर भिडायचं. विषय: संशोधनातून सहकारी संस्था बळकट कशा होतील. सात वर्षं झाली. गाईड सर म्हणाले, ३१ तारखेपर्यंत साठ सभासदांचे फॉर्म आले नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे तुमसरच्या कॉलेजात मी जन्मभर तासिका तत्त्वावरच. पण चिंता नाही. थेसिस डोक्यात तयार आहे. रुचिका म्हणाली, मग डोक्याचंच बाइंडिंग करून घ्या. बायकोला रिसर्च कळत नाही.

७ जानेवारी
सिहोऱ्याला गेलो. तिथे साठ बायकांची चिन्नोर तांदळाची सहकारी संस्था आहे. अध्यक्ष शकुनबाई. सर्व्हे करायचाय म्हटलं मात्र, संस्थेची भातगिरणी बंद करून साऱ्याजणी हजर. एका दिवसात साठ फॉर्म! स्वभावच आपला माणसं जोडणारा.

९ जानेवारी
डेटा जबरदस्त. साठहीजणींचं धान तुडतुडे, उंदीर आणि रानडुकरांनी साफ केलं. तरी संस्थेने चाळीस क्विंटल तांदूळ विकला. सहकाराची ही शक्ती आजवर कुणाला दिसलीच नव्हती. लगेच सरांना मेल.

१० जानेवारी
सर विचारतात, धान डुकरांनी खाल्लं तर तांदूळ कुणाचा? सरांना फिल्डचा अनुभव कमी.

१३ जानेवारी
खात्री करायला पुन्हा सिहोरा. शकुनबाईंनी विचारलं, भरपाई कधी येणार? मी संशोधन म्हणजे काय ते समजावलं. त्या म्हणाल्या, "सर्वे म्हंजे नुकसानीचाच रायते ना जी. खरं पायजे होतं त तसं सांगाचं होतं."

साठ फॉर्म रद्दीत. संस्थेची सचिव सरिता हिने माझा फॉर्म मागून घेतला, चाळीसपैकी एकतीस प्रश्न खोडले आणि एक स्वतःचा घातला: संस्थेचं काम कशामुळे अडतं? पोरीचा उत्साह मोडू नये म्हणून चालू दिलं.

२२ जानेवारी
सरिता घरोघर फिरून फॉर्म भरते आहे. मी मार्गदर्शन करतो आहे, म्हणजे शकुनबाईंकडे चहा.

२५ जानेवारी
काम कशामुळे अडतं? उंदीर: नऊ. वीज: अकरा. सर्व्हेवाले: चाळीस. वर्षभरात सातजण येऊन गेले म्हणे, आणि दर वेळी गिरणी बंद. हे बाकीच्या सहाजणांबद्दल असणार.

३० जानेवारी
रजिस्ट्रेशन वाचलं! सर म्हणाले, सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवं आणलंस. शिफारस मी स्वतः लिहिली: गिरणी चालू असताना सर्व्हेवाल्यांना आत घेऊ नये. एक प्रत सिहोऱ्याला पाठवली. सहकाराला आपलं योगदान.

६ फेब्रुवारी, दुपारी
थेसिससाठी गिरणीचे फोटो हवे होते, म्हणून गेलो. संस्थेने सभा घेऊन माझी शिफारस एकमताने मंजूर केलेली. शकुनबाई दारातच उभ्या.
"तुमच्याच सर्वेत निंगालं ना सर. आता तुमाले आत कसी घेऊ?"
आत गिरणी जोरात चालू होती. म्हणजे संशोधनाने संस्था बळकट होते, हे सिद्ध झालं. रस्त्यावरून एक फोटो काढला. त्यात नुसतं दार आलं.