न दुखणारा खुबा

प्रिय ठकूताई,

मी, तुझा बाप, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, एका गोदाम कंपनीचा अंतर्गत लेखापरीक्षक, माझ्या डाव्या खुब्याविषयी तुला कळवावे या हेतूने हे पत्र लिहीत आहे. वाक्य पुरे झाल्यावर लक्षात आले की खुबा सोडला तर यातले सगळे तुला ठाऊकच आहे. पण लिहिलेला कागद फाडण्याची मला सवय नाही. आणि फोनवर सांगू गेलो असतो तर "बाबा, मुद्द्यावर या," असे म्हणून तू दोन मिनिटांत मला मोकळे केले असतेस.

तुझा निरोप पोहोचला. हॉकीच्या नव्या संघात घेण्यापूर्वी तुझ्या खुब्यांचे एक्स-रे काढले, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जिथे वाटीत बसतो तिथे तो पुरता गोल नाही, त्याच्या कडेला उंचवटा आहे. पुढे त्रास होऊ नये म्हणून तो आत्ताच तासून घ्यायचा, तारीखही ठरली. शेवटी लिहिले होतेस, "दुखत काहीच नाही. उगाच रजा काढून येऊ नका." निरोप मी जेवता जेवता वाचला. जेवण टाकून उठलो वगैरे काही झाले नाही, व्यवस्थित जेवलो. समोर कोणी नसले की जेवण फार लवकर उरकते, एवढाच अनुभव आहे.

माझ्या कामाची एक रीत तुला लहानपणी गंमत वाटायची. एखाद्या गोदामातून तक्रार आली की माल कमी भरतो, तर मी आधी तिथे जात नाही. जिथून कधीच तक्रार आलेली नाही अशा गोदामात जातो आणि तिथला माल मोजतो. तिथेही तेवढीच तूट निघाली, तर ती चोरी नसते. पोती वाळतात, धान्य हलके होते, मालाचा स्वभावच तसा असतो. आमचे गोदामवाले वैतागतात. "साहेब, आम्ही कुठं काय म्हणालो? आमच्याच मागं का?" तुम्ही काही म्हणाला नाहीत म्हणूनच, असे मी त्यांना सांगतो. तुझा निरोप वाचल्यावर माझ्या मनात हाच प्रश्न आला. ज्यांचा खुबा दुखतो त्यांचे फोटो डॉक्टर रोज पाहतात. ज्यांचा दुखत नाही, त्यांचे कोण पाहते?

हा प्रश्न घेऊन मी इथल्या मोठ्या रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या तुझ्याहून फार मोठ्या नसतील. प्रश्न ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, आम्ही तेच शोधतोय. पण न दुखणारी माणसं हॉस्पिटलात येतातच कुठं? तुम्ही आलात, तर आता सुटका नाही." अशा रीतीने मी त्यांच्या अभ्यासात भरती झालो. आधी त्यांनी मला आडवे करून माझा गुडघा छातीकडे दुमडला, पाय आत वळवला, बाहेर वळवला, आणि प्रत्येक वेळी विचारले, दुखतंय का? मग एक्स-रेवाल्याने माझे दोन्ही पाय आत वळवून अंगठ्यांना चिकटपट्टी लावली. म्हणाला, "काका, सरळ राहा की! पाय सारखे पळून चाललेत." खरे सांगायचे तर मला तिथे बरे वाटत होते. दुखते का असे मला इतक्या वेळा कुणी विचारल्याला बराच काळ लोटला होता. पट्टी काढून झाल्यावरही मी लगेच उठलो नाही. एक्स-रेवाल्याला वाटले, चक्कर आली.

निकाल असा: माझ्या डाव्या खुब्यात तोच उंचवटा आहे. निरोपासोबत तू तुझा एक्स-रे पाठवला होतास, तो डॉक्टरीणबाईंनी शेजारी लावून पाहिला आणि म्हणाल्या, "बापलेकीचं नातं सिद्ध करायला एवढं पुरे." याच खुब्यावर मी आयुष्यभर गोदामांचे जिने चढलो, तुला खांद्यावर घेऊन हिंडलो, आजही कामावर चालत जातो. त्यांनी सांगितले की काहीही त्रास नसलेल्या पुष्कळ माणसांच्या खुब्यात असे काही ना काही निघते. त्यातल्या काहींना पुढे दुखते, पुष्कळांना नाही. कुणाला दुखेल हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. दुखत नसेल आणि पाय नीट वळत असेल, तर त्या स्वतः सुरी लावणार नाहीत, लक्ष ठेवतील. मात्र तुला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुझ्याबद्दल त्या काही बोलायला तयार नाहीत. मला ते आवडले.

आता जे लिहायचे आहे ते अवघड आहे, म्हणून सावकाश लिहितो. तू हॉकीच्या गोलसमोर उभी राहतेस, संघातल्या मुली तुला 'भिंत' म्हणतात, तू भित्री नाहीस. तरी हे ऑपरेशन तू भीतीने करते आहेस असे मला वाटते, आणि ती भीती खुब्याची नाही. तुझी आई पोटाला हात लावून ओट्याशी उभी असायची आणि विचारले की म्हणायची, "काही नाही हो, वारा धरलाय." आपण दोघे मान डोलवायचो. डॉक्टरांच्या हाती फोटो आला तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हापासून शरीरात काही सापडले की ते लगेच काढून टाकावे, असे तुला वाटत असेल तर मी समजू शकतो. पण ठकूताई, आईला दुखत होते आणि ती सांगत नव्हती. तुला दुखत नाही असे तू म्हणतेस. या दोन गोष्टी एक नाहीत. अडचण अशी की तू तिची मुलगी आहेस, आणि "दुखत काहीच नाही" हे वाक्य या घरात मी पूर्वी ऐकलेले आहे.

म्हणून मी तुला ऑपरेशन करू नकोस असे सांगत नाही. एकच मागतो. रात्री कूस बदलताना, खाली बसून उठताना, सरावानंतर, खरोखर दुखते की नाही, ते मला सांग. दुखत असेल तर खुशाल कर, आणि तू नको म्हटलेस तरी मी येईन. दुखत नसेल तर तारीख पुढे ढकल आणि आधी या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखव. त्या तुझी वाट पाहत आहेत. नुसते सांग म्हणणे बरोबर नाही, म्हणून सुरुवात मी करतो. तू दर फोनवर विचारतेस आणि मी दर वेळी "मजेत" म्हणतो. मी मजेत नाही. तुझी आई गेल्यापासून हे घर मला झेपत नाही, कामावरून परत येताना पाय मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेतो, आणि रविवार तर मला नकोसाच वाटतो. हे मी कुणालाच सांगितलेले नव्हते. आता तू सांग.

तुझाच,
बाबा

मुक्काम: आपले घर
दिनांक: ९ मार्च, रविवार